कायद्याचा दाब आणि दाखल्याचे सत्य



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी, इतिहासाचा धडा कोणताही असो, भिंतीवर नकाशा टांगल्यावाचून शिकवावयास आरंभ करीत नसत, असे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. त्या शिस्तीस अनुसरून मीही आजच्या विषयाचा, म्हणजे अण्वस्त्रे, अमली पदार्थ व दहशतवाद यांविरुद्ध अमेरिकेने केलेल्या कायद्यांचा, आरंभ वॉशिंग्टनपासून न करता आपल्या रायगड जिल्ह्याच्या नकाशापासून करतो. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळाकडून निघालेला रस्ता अंबा नदी ओलांडून वाकण फाट्यास मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तेथून दक्षिणेस माणगाव, माणगावाहून पश्चिमेस म्हसळे, आणि म्हसळ्याच्या पुढे एका अंगास दिघी व दुसऱ्या अंगास श्रीवर्धन. पाली भोरच्या सचिवांच्या मुलखात आणि श्रीवर्धन, म्हसळे, दिघी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलात, अशी या टापूची शेकडो वर्षे वाटणी होती. १९४८ साली दोन्ही संस्थाने विलीन होऊन हा सारा मुलूख एका जिल्ह्यात आला. येथल्या खाड्यांतून काय आत येते आणि काय बाहेर जाते यावर नजर ठेवणे हे येथल्या प्रत्येक राजसत्तेने आपले पहिले काम मानले, मग ती सत्ता आंग्र्यांची असो, सिद्दीची असो वा इंग्रजांची.

९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीच्या धक्क्यावर चांदीबरोबर शस्त्रे उतरली. पुढे ३ व ७ फेब्रुवारीला श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आणखी शस्त्रे, आणि त्यांच्यासोबत आर. डी. एक्स. नावाचे स्फोटक उतरले. १२ मार्चला मुंबईत शेअर बाजारापासून सुरुवात होऊन १२ ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे मेली आणि ७१३ जखमी झाली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत याच शहरात झालेल्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मारली गेली होती, त्यांत मुसलमानांची संख्या मोठी होती, आणि त्या हत्यांचा न्याय पुरा झाला नाही, हे सांगितल्यावाचून १२ मार्चचे वर्णन प्रामाणिक होत नाही. परंतु त्या अन्यायाने पेटलेल्या मनांना शस्त्र पुरविणारा, दुबईमार्गे पाकिस्तानात नेऊन स्फोटके हाताळण्याचे शिक्षण देणारा हात निराळा होता, आणि तो एका परकीय राज्याच्या यंत्रणेचा होता, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या २१ मार्च २०१३ च्या निकालपत्रात पुराव्यासह नमूद झालेली आहे.

त्या निकालपत्रातील एका प्रसंगाशी मला आज विशेष थांबावयाचे आहे. दिघीला उतरलेला माल घेऊन निघालेल्या गाड्या त्याच रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविल्या. अडविल्या, म्हणजे कायद्याची व्यवस्था त्या क्षणापर्यंत शाबूत होती. माहिती होती, माणसे जागी होती, नाकाबंदी होती. मग बोलणी झाली, लाखांच्या घरातील एक रक्कम ठरली, तेवढी रोकड जवळ नसल्यामुळे चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या, आणि गाड्या पुढे गेल्या. पुढे स्फोटांच्या खटल्यात पोलीस उपनिरीक्षकास व त्याच्या सहकाऱ्यांस आणि सीमाशुल्क खात्यातील अतिरिक्त कलेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासही टाडा न्यायालयाने दोषी ठरविले. ज्याचे काम ‘येथून घातक काही जात नाही’ अशी शासनास हमी देण्याचे, त्याने ते घातक डोळ्यांदेखत जाऊ दिले आणि हमी मात्र कागदोपत्री कायम राहिली. माझ्या मते दहशतवाद, अमली पदार्थ आणि अण्वस्त्रे या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. गोंडघर फाट्यावर जे घडले तेच, कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि कितीतरी प्रतिष्ठित हातांनी, वॉशिंग्टनच्या दप्तरात वर्षानुवर्षे घडत होते.

एखादे राज्य दुसऱ्या राज्यावर दाब आणते तो बहुधा फौजेने, तहाने किंवा पैशाने. अमेरिकेच्या काँग्रेसने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चौथा मार्ग रूढ केला, तो कायद्याचा. परराज्यावर अमेरिकेचा कायदा चालत नाही हे उघड आहे. परंतु अमेरिकेच्या तिजोरीवर आणि शस्त्रागारावर तो चालतो. म्हणून काँग्रेसने असे कायदे केले की अमुक देश अणुबाँब करीत असेल, अफूचा व्यापार रोखत नसेल किंवा दहशतवाद्यांस थारा देत असेल, तर त्यास मदत मिळणार नाही. आणि तो तसे करीत नाही असा दाखला राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या सहीनिशी दिल्यावाचून पैसा सुटणार नाही. नीट पाहिले असता हा दाब परराज्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, स्वतःच्या राष्ट्राध्यक्षावर आहे. ज्या कार्यकारी सत्तेला मैत्रीसाठी, युद्धासाठी, तळांसाठी त्या परराज्याची गरज आहे, तिलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून ‘खरे सांग’ असे म्हणण्याची ही योजना आहे. कल्पना थोर आहे. ज्या लोकशाहीत परराष्ट्रधोरण म्हणजे चार माणसांची बंद खोलीतली मसलत अशी वहिवाट पडलेली असते, तिला या कल्पनेचा हेवा वाटावा.

या कायद्याची झळ आपल्यालाही लागली, आणि तीही महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकी कंपनीने बांधले, १९६९ साली ते वीज देऊ लागले, आणि त्यास लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेने पुरवावे असे त्या करारात ठरले. १८ मे १९७४ ला आपण पोखरणला चाचणी केली. त्यानंतर चार वर्षांनी, मार्च १९७८ मध्ये, काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारास आळा घालणारा कायदा करून असे ठरविले की जो देश आपली सगळीच अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीस खुली करणार नाही त्यास इंधन देऊ नये. केलेल्या करारावर मागाहून केलेला कायदा लादणे न्याय्य की अन्याय्य, हा वाद येथे झाला व तो रास्तच होता. पण त्या प्रकरणाचा शेवट पाहण्याजोगा आहे. १९८० साली ३८ टन इंधन पाठविण्यास तेथील अणुनियामक आयोगाने एकमुखाने नकार दिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो नकार बाजूस सारून परवाना देण्याचे ठरविले. आणि कायद्याप्रमाणे ते प्रकरण काँग्रेसपुढे आले. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी ते इंधन अडविले. सिनेटात मात्र अडविण्याच्या बाजूने ४६ आणि विरुद्ध ४८ मते पडली, आणि दोन मतांच्या फरकाने बोईसरजवळच्या त्या केंद्राला इंधन मिळाले. पुढे तोही पुरवठा आटला, आणि १९८२ साली फ्रान्सने ती जबाबदारी उचलली. तारापूरच्या बाबतीत आपल्यावर दाब आला हे खरे; पण तो उघड्या सभागृहात, मते मोजून आला. कोण कशासाठी हरकत घेतो हे जगाला दिसले, आणि ज्या केंद्राचे इंधन अडवावयाचे होते ते तपासणीस खुले होते; तेथे लपविलेले काहीच नव्हते.

आता याच कायद्यांची पाकिस्तानच्या बाबतीत काय गत झाली ते पाहू. १९७६ च्या सिमिंग्टन दुरुस्तीप्रमाणे, युरेनियम समृद्ध करण्याची सामग्री तपासणीवाचून आणणाऱ्या देशाची मदत बंद व्हावयाची होती. हॉलंडमधून समृद्धीकरणाची विद्या घेऊन आलेल्या अब्दुल कादिर खान यांच्या देखरेखीखाली कहुता येथे जे चालले होते ते कळल्यावर एप्रिल १९७९ मध्ये मदत बंद झालीही. मग त्या वर्षाच्या डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि वॉशिंग्टनच्या दृष्टीने जनरल झिया हे अपराधी न राहता आघाडीवरचे सोबती झाले. १९८१ साली काँग्रेसने सहा वर्षांसाठी त्या दुरुस्तीस मुभा दिली आणि ३२० कोटी डॉलरांची मदत मंजूर झाली. एवढ्यावरही काँग्रेसमधील काही सदस्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी होती हे त्यांच्या लौकिकासाठी सांगितले पाहिजे. क्रॅन्स्टन व ग्लेन या सिनेटरांनी १९८४ साली अशी तरतूद सुचविली की पाकिस्तानजवळ अणुबाँब नाही आणि ते राज्य तो बनवीतही नाही, असा दाखला राष्ट्राध्यक्षाने द्यावा. हा मसुदा मंजूर झाला तर दाखला देता येणार नाही हे कार्यकारी मंडळास ठाऊक होते. म्हणून तडजोड निघाली, आणि दक्षिण डाकोटाचे सिनेटर लॅरी प्रेसलर यांच्या नावाने १९८५ साली जी दुरुस्ती कायद्यात आली तीत ‘बनवीत नाही’ हा भाग गळाला, ‘जवळ नाही’ एवढाच उरला.

श्रोतेहो, कायदे करणाऱ्यांनी आणि कायद्याखाली राहणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. जो कठोर कायदा अपेशी ठरला असे पुढे म्हटले गेले, तो जन्मतःच सौम्य करून ठेवलेला होता. बाँब तयार आहे, पण त्याचे भाग अद्याप जुळविलेले नाहीत, एवढ्यावर दाखला खरा ठरविण्याची सोय त्याच्या शब्दांतच होती. आणि त्या सोयीचा पुरा उपयोग झाला. १९८७ च्या मार्चमध्ये खान यांची पत्रकार कुलदीप नय्यर यांनी घेतलेली मुलाखत प्रसिद्ध झाली आणि पाकिस्तानने बाँबची क्षमता साध्य केल्याची ग्वाही जगाने वाचली; त्याच महिन्यात झियांनीही, हवा तेव्हा आपण बाँब करू शकतो, असे अमेरिकी साप्ताहिकास सांगितले; आणि जुलैत अर्शद परवेझ नावाचा पाकिस्तानी वंशाचा इसम, समृद्धीकरणाच्या यंत्रास लागणारे विशेष पोलाद अमेरिकेतून नेण्याच्या खटपटीत फिलाडेल्फियात पकडला गेला. तरीही राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दाखला दिला, नंतरच्या वर्षी दिला, आणि १९८९ साली बुश यांनीही दिला. दाखला देणाऱ्यांस वस्तुस्थिती अज्ञात होती असे मानण्यास जागा नाही. त्यांना अफगाण युद्ध चालवावयाचे होते, आणि सत्याहून ते युद्ध त्यांस मोलाचे वाटले. रशियन फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९९० मध्ये, बुश यांनी दाखला देण्याचे नाकारले. बाँब त्या एका वर्षात उगवला नव्हता. सत्य सांगण्याची किंमत तेवढी उतरली होती.

दाब मग एकदम आला, आणि तो कसा आला हेही पाहावे. पाकिस्तानने २८ एफ-१६ विमानांसाठी सुमारे ६५ कोटी ८० लक्ष डॉलर भरले होते. ती विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली, पैसाही परत नाही आणि विमानेही नाहीत, अशी आठ वर्षे गेली. १९९५ साली ब्राउन दुरुस्तीने ३६ कोटी ८० लक्ष डॉलरांची अडकलेली सामग्री सोडण्यात आली, आणि विमानांच्या पैशाचा हिशेब १९९८ च्या अखेरीस, काही रोखीने आणि काही गहू-सोयाबीनसारख्या मालाने, मिटला. पाकिस्तानी जनतेस त्यातून एवढेच उमगले की अमेरिकेला गरज असते तेव्हा ती डोळे मिटते आणि गरज सरली की कायदा दाखविते. या समजुतीस मी चुकीची म्हणू शकत नाही. खोट्या दाखल्याची सर्वांत मोठी हानी ती ही, की मागाहून दिलेला खरा नकारही मग कोणास खरा वाटत नाही. तोवर बाँब झालाच होता, आणि खान यांनी त्याची विद्या इतर देशांस पुरविल्याची कबुली ४ फेब्रुवारी २००४ रोजी पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर सर्व जगासमोर दिली.

दहशतवादाचे प्रकरण त्याच काळातले आहे, आणि ते आपल्या किनाऱ्याशी थेट जोडलेले आहे. १९७९ च्या निर्यातनियंत्रणाच्या कायद्यानुसार, दहशतवादास आश्रय देणाऱ्या राज्यांची यादी अमेरिकेचे परराष्ट्रखाते ठेवते. त्या यादीत नाव गेले की मदत, शस्त्रे, कर्ज सारे बंद. १९९३ च्या आरंभी पाकिस्तानचे नाव त्या यादीत घालावे की काय या विचारार्थ त्यास देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. म्हणजे शेखाडीला जेव्हा पेट्या उतरत होत्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर जेव्हा गाड्या फुटत होत्या, तेव्हा पाकिस्तानची वागणूक कायद्याच्या तराजूत होती. स्फोटांना चार महिने झाले आणि जुलै १९९३ मध्ये ती देखरेख उठविण्यात आली. मुंबईत सेंच्युरी बाजारासमोरच्या स्फोटात ज्यांची माणसे गेली त्यांनी या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात.

अमली पदार्थांविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण तेथे कायद्याची रचना तीच आहे आणि पळवाटही तीच. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक वर्षी १ मार्चच्या सुमारास, अफू पिकविणारे वा तिची वाहतूक होऊ देणारे देश सहकार्य करीत आहेत की नाहीत याचा दाखला द्यावा लागे, आणि न दिल्यास मदत कापली जाई. पण ‘राष्ट्रहितास्तव’ सूट देण्याची मुभा होती, आणि पाकिस्तानला ती नव्वदीच्या दशकात वारंवार मिळाली. त्या यादीत भारताचेही नाव असे, कारण मंदसौर-नीमचकडे औषधांसाठी परवान्याने अफूची लागवड होते आणि तिचा काही भाग बाहेर झिरपतो हे नाकारता येत नाही. आपल्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो आणि जुलै २०२१ मध्ये सुमारे २९४ किलो हेरॉइन पकडले गेले, दोन्ही वेळा अफगाणिस्तानातून इराणच्या बंदरामार्गे आलेले. आणि २०२३ च्या ऑगस्टअखेरीस हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या वाळूत चरसची पाकिटे लाटांबरोबर येऊन पडली. १९९३ च्या कटाचा सूत्रधार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो दाऊद इब्राहिम, मूळचा शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा. त्यास अमेरिकेने ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक दहशतवादी ठरविले आणि २००६ मध्ये अमली पदार्थांच्या व्यापारातील बड्या सूत्रधारांच्या कायद्याखालीही आणले. शस्त्रांची वाट आणि अफूची वाट एकच असते, हे यापूर्वीही आपल्या कोळीबांधवांस ठाऊक होते. कायद्याच्या दप्तरात त्याची नोंद व्हावयास दहा वर्षे लागली. आणि नोंद झाल्यावरही तो माणूस ज्या देशात राहतो असे आपण सांगत आलो, त्या देशाची मदत त्यामुळे एका डॉलरने कमी झाली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसे मारली. त्यानंतर काँग्रेसने जो कायदा केला त्यात तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून तो या विषयाचा कळस होय. केरी, लुगार आणि बर्मन यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि १५ ऑक्टोबर २००९ ला ओबामांची सही झालेला हा कायदा पाकिस्तानला पाच वर्षे दर वर्षी १५० कोटी डॉलर नागरी कामांसाठी देणारा होता. पण लष्करी मदतीसाठी परराष्ट्रमंत्र्याने असा दाखला द्यावयाचा होता की अणुसामग्रीच्या चोरट्या व्यापाराची साखळी मोडण्यास पाकिस्तान सहकार्य करीत आहे, लष्कर-ए-तोयबा व जैश-ए-महंमद यांसारख्या संघटनांना आपल्या भूमीवरून कारवाया करू देत नाही, आणि त्याची फौज तेथील राजकारणात ढवळाढवळ करीत नाही. पाकिस्तानी सेनापतींनी या अटींविरुद्ध जाहीर नाराजी प्रकट केली, यावरून अटी योग्य जागी लागल्या होत्या असेच मी समजतो. मार्च २०११ मध्ये तो दाखला देण्यात आला. दीड महिन्याने, २ मे रोजी, ओसामा बिन लादेन पाकिस्तानच्या लष्करी प्रबोधिनीपासून हाकेच्या अंतरावर ॲबटाबादच्या एका घरात सापडला.

आपल्यावरही या कायद्यांचा पुन्हा प्रयोग झाला. ११ व १३ मे १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांनंतर, अणुचाचणी करणाऱ्या देशाची मदत बंद करणारी ग्लेन दुरुस्ती आपोआप लागू झाली, आणि २८ व ३० मे च्या पाकिस्तानी चाचण्यांनंतर ती त्यांसही लागली. या कायद्यात राष्ट्राध्यक्षाच्या इच्छेस जागा नव्हती, म्हणून मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. आपल्यावर आला तरी वाटतो. परंतु पाकिस्तान हे अमेरिकेच्या वायव्य भागातील गव्हाचे मोठे गिऱ्हाईक होते, तेथील शेतकऱ्यांचा गहू पडून राहील असे दिसताच, जुलै महिन्यातच शेतमालाच्या कर्जास सूट देणारा कायदा झाला. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षास इतरही सूट देण्याचा अधिकार मिळाला. आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत उरलेसुरले निर्बंधही गेले. काँग्रेसला दोष देताना हे ध्यानी घ्यावे की गव्हाच्या शेतकऱ्यांची तक्रार ऐकणारे सभागृह हे लोकांचेच सभागृह होय. दोष तिच्या कनवाळूपणाचा नसून, एका देशाच्या विधिमंडळाची दया आणि कठोरता दोन्ही शेवटी त्या देशाच्या हितानेच मोजल्या जातात, या निसर्गनियमाचा आहे. मुंबईच्या २५७ मृतांचे हित त्या मापात बसावे अशी अपेक्षा करणे हा आपला भाबडेपणा होता, आणि दिल्लीतील अनेक सरकारांनी तो आळीपाळीने केला.

तर मग हा दाब सर्वथा व्यर्थ काय? मी असे म्हणणार नाही. १९९० ची मदतबंदी उशिरा आली, तरी तिने पाकिस्तानी फौजेस दहा वर्षे नवी अमेरिकी लढाऊ विमाने मिळू दिली नाहीत. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत ठेवले, तेव्हा वर्षानुवर्षे मोकळ्या फिरणाऱ्या कित्येक म्होरक्यांवर तेथील न्यायालयांत खटले उभे राहिले. या दुसऱ्या उदाहरणात दाब का चालला याचे कारण विचार करण्याजोगे आहे. तेथे दाखला देणारा आणि मैत्री राखणारा एक नव्हता. अनेक देशांच्या परीक्षकांनी बाबवार तपासणी केली, काय झाले व काय राहिले ते प्रसिद्ध केले, आणि एका माणसाच्या सहीने ते पुसून टाकण्याची सोय ठेवली नाही. वॉशिंग्टनच्या कायद्यांत नेमके हेच चुकले होते. ज्याने साक्ष द्यावयाची त्याचाच खटल्यात हितसंबंध होता. गोंडघर फाट्यावरच्या अंमलदाराला तपासणारा कोणी त्या रात्री तेथे नव्हता, तसा रेगन यांच्या सहीला तपासणाराही कोणी नव्हता.

आता आपल्याकडे वळून पाहू. आपल्या राज्यघटनेप्रमाणे परराज्याशी तह करणे हे कार्यकारी सत्तेचे काम आहे. संसदेची संमती त्यास लागत नाही, आणि करार अंमलात आणण्यासाठी कायदा हवा असेल तेव्हाच ते प्रकरण सभागृहात येते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरच हल्ला झाल्यानंतर आपण पाकिस्तानकडे वीस फरारी आरोपींची यादी दिली, तीत १९९३ च्या कटातील मुख्य आरोपी होते. त्या यादीचे पुढे काय झाले, कोणत्या नावाविषयी कोणत्या वर्षी कोणता खलिता गेला आणि काय उत्तर आले, हे संसदेला दर वर्षी सांगण्याची कोणा मंत्र्यावर कायदेशीर सक्ती नाही. किनाऱ्याचीही तीच अवस्था. १९९३ नंतर नौदल व तटरक्षक दलाची संयुक्त गस्त सुरू झाली, २००८ नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली. त्यांतील किती नौका आज चालू स्थितीत आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, याची माहिती एखाद्या आमदाराने वा खासदाराने प्रश्न विचारला तरच मिळते, आणि प्रश्न विचारणारा गेला की माहितीही थांबते. गुन्हेगारी, पोलीस व राजकारणी यांच्या साटेलोट्याची चौकशी करणारी व्होरा समिती याच स्फोटांनंतर, जुलै १९९३ मध्ये नेमली गेली. तिचा अहवाल संसदेपुढे आला तो दोन वर्षांनी, आणि तोही केवळ अल्पांशाने.

म्हणून माझी सूचना अशी आहे, आणि ती मी पालीत मांडतो कारण रायगडच्या मतदारांनी ती दिल्लीत पाठविण्याजोगी आहे. संसदेने एक लहानसा कायदा करावा. त्यान्वये गृहमंत्री व परराष्ट्रमंत्री यांनी दर वर्षी स्वाक्षरीनिशी निवेदन सादर करावे, की समुद्रमार्गे झालेल्या दहशती गुन्ह्यांतील कोणते आरोपी अद्याप परराज्यात आहेत, त्यांच्यासाठी त्या वर्षात काय केले, किनाऱ्यावरील कोणत्या ठाण्यात किती माणसे व नौका प्रत्यक्ष हजर आहेत, आणि बंदरांत काय पकडले गेले. या निवेदनास नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा स्वतंत्र अभिप्राय जोडलेला असावा, जेणेकरून सही करणारा आणि तपासणारा निराळे राहतील. राष्ट्रहिताच्या नावाखाली काही झाकावयाचे असल्यास ते संबंधित स्थायी समितीपुढे बंद दाराआड उघडे करावे, पण निवेदनच टाळण्याची मुभा कोणास असू नये. आणि जाणूनबुजून असत्य लिहिले गेल्यास तो सभागृहाचा हक्कभंग समजला जावा. परराज्यावर दाब आणण्याचे बळ या कायद्यात थोडे असेल, हे मला मान्य आहे. परंतु ज्या राष्ट्राने स्वतःच्या चौकीवरचा हिशेब स्वतःच्या संसदेपुढे दर वर्षी उघडा मांडला आहे, त्याचा वकील परक्या राजधानीत जाऊन बोलतो तेव्हा त्याच्या हाती पुरावा असतो. १९९३ साली आपल्या वकिलांच्या हाती तो पुरेसा नव्हता, कारण पुराव्याचा काही भाग गोंडघर फाट्यावरच विकला गेला होता.

निवेदनाची वेळ पावसाळी अधिवेशनाची असावी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात, बंदरांवर माणसांची वर्दळ कमी असते. ठाण्यांतील रिकाम्या जागा भरण्यास, नादुरुस्त नौका दुरुस्त करण्यास आणि अंमलदारांच्या बदल्यांचा हिशेब तपासण्यास वर्षात एवढाच अवकाश मिळतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जातील, तेव्हा दिघी, शेखाडी, जीवना आणि रेवदंडा येथे कोण पहाऱ्यावर आहे हे त्या निवेदनात लिहिलेले असावे, आणि येथल्या ग्रामपंचायतीत ते मराठीत वाचावयास मिळावे.